लाईनवर राहा

ऑफिसातल्या टेबलावरचा फोन माणसाचा नसतो, टेबलाचा असतो. माणसाची बदली होते, तो रजेवर जातो, व्हीआरएस घेतो. फोन होता तिथेच राहतो आणि त्याचा नंबरही. नाशिकच्या ज्या विमा कार्यालयात मी नोकरी काढली, तिथल्या क्लेम सेक्शनमध्ये माझ्या वाट्याला आलेल्या टेबलाचा नंबर २१४ होता. माझ्याआधी तिथे बसणारे गृहस्थ बढतीवर नागपूरला गेले होते, पण पुढे कितीतरी वर्षं रिसीव्हर उचलला की पलीकडून त्यांचंच नाव यायचं. मीही मग ते कुठे गेले वगैरे सांगत बसणं सोडलं आणि नुसतं 'बोला' म्हणू लागले. विचारणाऱ्याला त्या गृहस्थांशी काही देणंघेणं नसे. त्याला त्याचा क्लेम हवा असे, आणि क्लेम २१४वर कळतो एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं असे.

मोबाइल वाजतो तो माझा. मी उचलला नाही तर तो कुणीच उचलत नाही. टेबलावरच्या फोनला उत्तर देणं हे मात्र सेक्शनचं काम असायचं. त्या करड्या डबड्यावरची बटणं आणि त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेतले कोड म्हणजे, आलेला फोन आणि त्याच्यामागचं काम या टेबलावरून त्या टेबलावर कसं न्यायचं, याचे नियम आहेत. त्यात सभ्यतेची सोय आहे तशी लबाडीचीही. कोण कुठलं बटण कधी दाबतो हे बघत मी बरीच वर्षं काढली, आणि गोपनीय अहवालापेक्षा मला त्यातून माणसं जास्त कळली.

आमचा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, दुसऱ्या मजल्यावर, स्टेशनरीच्या खोलीत भिंतीला टांगलेला होता. त्याच्या शेजारी फिनेलच्या बाटल्या आणि कार्बन पेपरचे गठ्ठे. असली यंत्रं आपल्या ऑफिसांत सर्रास दिसू लागली ती १९८०च्या दशकाच्या शेवटी. १९८४च्या ऑगस्टमध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं आणि तिथल्या अभियंत्यांनी १२८ पोर्टांचं एक छोटं डिजिटल एक्स्चेंज तयार केलं. धुळीत, उकाड्यात, वातानुकूलनाशिवाय चालावं या बेतानं ते ग्रामीण भागासाठी बनवलं गेलं, आणि त्याचंच भावंड ऑफिसांसाठी निघालं. आमचा डबा पुढच्या पिढीतला, खाजगी कंपनीचा. त्याला बाहेरच्या लाईनी आठ आणि आतली एक्स्टेन्शनं साठाच्या वर.

आठ लाईनी साठ जणांना पुरतात, यामागे चक्क गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारूप एर्लांग या डेन्मार्कच्या गणितज्ञानं १९०९ साली फोनच्या वर्दळीवर पहिला निबंध लिहिला. अमुक लाईनी असल्या तर किती जणांच्या वाट्याला 'एंगेज' येईल, याचं सूत्र त्यानं १९१७ साली दिलं, आणि पुढे वर्दळ मोजायच्या एककालाच त्याचं नाव मिळालं. माणसं आपापल्या लहरीनं, एकमेकांना न विचारता फोन उचलतात, हे त्याच्या हिशोबात धरलेलं आहे. आमच्याकडे साडेअकराचा चहा झाला की सगळ्यांना एकदमच ब्रँचला फोन करायचा असे. मग शून्य दाबावा आणि टूंटूं ऐकावं. यावर पुस्तिकेत एक उपाय होता: एंगेज लागला असतानाच एक कोड दाबून रिसीव्हर ठेवून द्यायचा, लाईन मोकळी झाली की यंत्र आपणहून आपल्याला वाजवतं. ही सोय ऑफिसात दोघातिघांनाच माहीत होती. आम्ही ती दुसऱ्या कुणाला कळू दिली नाही. सगळ्यांना कळली असती तर तिचा उपयोग काय राहिला असता?

या सगळ्या सोयींचं दार एकच, फ्लॅश. नव्या फोनवर तसं बटण असतं, जुन्यांवर नसायचं. रिसीव्हर ठेवल्यावर जी खिट्टी दबते तीच बोटानं हलकेच दाबून सोडायची. रिसीव्हर उचललेला असताना तारेतून थोडासा प्रवाह सारखा वाहत असतो, खिट्टी दाबली की तो तुटतो. पलीकडचं यंत्र फक्त किती वेळ तुटला एवढंच पाहतं. सेकंदाचा जेमतेम सोळावा भाग तुटला तर ते समजतं की जुन्या चकतीवर कुणी १ फिरवला. अर्ध्या सेकंदाच्या आसपास तुटला तर फ्लॅश. त्याहून जास्त वेळ दाबून धरलं तर फोन ठेवला, संपलं. म्हणजे माणूस होल्डवर जाणं आणि माणूस कटणं यात अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक. फोडणीत मोहरी तडतडल्यावर हिंग कधी टाकायचा हे जसं घड्याळात बघून करत नाहीत, तसंच हे. नव्या मुलींच्या बोटाला ते यायला महिना-दीड महिना लागे, आणि तोवर सटाण्यापासून पेठपर्यंतचे एजंट त्यांच्या हातून कटत राहत.

खिट्टीच्या या स्वभावाचा दुसराही उपयोग असे. चकतीच्या फोनला साहेब लोक बारकं कुलूप लावून घरी जात. चकती फिरत नाही, म्हणजे फोन लागत नाही, अशी त्यांची समजूत. आमच्या आवक-जावक विभागात एक जण असा होता की तो खिट्टीवर टिचक्या मारून नंबर लावायचा. पाच हवा तर पाच टिचक्या, शून्याला दहा, दोन आकड्यांच्या मध्ये एक श्वास. कुलूप तसंच लटकलेलं आणि हा इचलकरंजीला बहिणीशी बोलतोय. त्याला पकडायला गेलेले अधिकारी त्याच्याकडूनच ते शिकून आले, अशी ऑफिसात वदंता होती.

पुढे बटणांचे फोन आले आणि टिचक्या गेल्या. बटणातून टिचकी जात नाही, सूर जातो, आणि तोही एकटा नाही, दोन सुरांची जोडी. आडव्या ओळीचा एक, उभ्या ओळीचा एक. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ एकदम वाजतात. अमेरिकेत असे फोन १९६३च्या नोव्हेंबरात आले, तेव्हा त्यांना दहाच बटणं होती. चांदणी आणि जाळी मागाहून, १९६८ साली लागली. याच ५च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. आपण कधी लक्ष देत नाही. तो कशासाठी, हे मला आमच्या ऑपरेटरांमुळे कळलं.

ते अंध होते. आपल्याकडे बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांच्या बोर्डावर किती अंध माणसांनी आयुष्यं काढली आहेत, हे जुन्या लोकांना सांगायला नको. अंधांच्या संस्थांमधून त्याचं रीतसर प्रशिक्षण मिळे. पुढे १९९५च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा आल्या, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. आमच्या ऑपरेटरांना सगळे 'दादा' म्हणत, विभागीय व्यवस्थापकसुद्धा. ड्रॉवरमध्ये ब्रेलमध्ये टोचलेली कार्डं होती, पण ती काढताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट ५वर टेकलेलं असायचं आणि बाकीची बोटं तिथून आपापल्या घरी जायची. अख्ख्या ऑफिसची एक्स्टेन्शनं, जिल्ह्यातल्या सगळ्या ब्रँचेस, साहेबांच्या मुलीचं हॉस्टेल, ॲम्ब्युलन्स, चहावाला, सगळं डोक्यात.

त्यांच्याकडे आणखी एक माहिती असे, ती कुठल्याच पुस्तिकेत नव्हती. कोण जागेवर आहे हे त्यांना ठाऊक असे. सकाळी दारातून आत येणाऱ्याच्या चपलांवरून, खोकल्यावरून, जिन्यातल्या गप्पांवरून ते हजेरी मांडत. बाहेरून कुणी आमच्या शाखाधिकाऱ्यांना मागितलं तर ते २०१ वाजवत बसत नसत. "ते आत्ताच खाली गेले, चहा घेऊन वीस मिनिटांत येतील, तोवर २१४ला देऊ का?" असं विचारत. विचारत, हे महत्त्वाचं.

मजा अशी की आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचा जन्मच ऑपरेटरवरच्या अविश्वासातून झाला, असं सांगतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक होता. त्याची गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे जातात आणि त्याला कारण गावातली टेलिफोन ऑपरेटर, जी त्या प्रतिस्पर्ध्याची बायको, असा त्याचा संशय. संशय खरा होता की नाही ते देव जाणे, पण १८९१ साली त्यानं ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट घेतलं आणि १८९२ साली इंडियानातल्या ला पोर्ट गावी ते सुरूही झालं. आपल्या जगात आलेली सगळी 'अमुकसाठी १ दाबा, तमुकसाठी २ दाबा' ही त्या माणसाच्या रागाची वंशावळ आहे असं म्हटलं तर फार चुकणार नाही. दादा निवृत्त झाल्यावर आमच्या बोर्डावरही ध्वनिमुद्रित बाई आली. तिला शाखाधिकारी खाली चहाला गेलेत हे कळत नसे.

आता ट्रान्सफरबद्दल. ट्रान्सफर दोन प्रकारचा असतो. आमच्या सेक्शनमध्ये एकाला 'सांगून देणं' म्हणत आणि दुसऱ्याला 'फेकणं'. सांगून देताना फ्लॅश करायचा, समोरचं एक्स्टेन्शन लावायचं, तिथल्या माणसानं उचलेपर्यंत थांबायचं, "सुरगाण्याच्या एक बाई आहेत, डेथ क्लेम आहे, डिस्चार्ज फॉर्म पाठवलाय म्हणतात" एवढं सांगायचं, मग आपण बाजूला व्हायचं. फेकताना फ्लॅश, एक्स्टेन्शन, की रिसीव्हर खाली. पलीकडे कोण उचलतो, उचलतो की नाही, त्याला काय माहीत आहे, हे आपल्या कामाचं नाही. दोन्हींत वेळेचा फरक अर्ध्या मिनिटाचा. पण फेकलेल्या माणसाला आपली सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. पॉलिसी नंबर पुन्हा, मयताचं नाव पुन्हा, मृत्यूची तारीख पुन्हा. नवरा गेलेल्या बाईला ती तारीख एका दुपारी पाच टेबलांवर उच्चारायला लावणं हे कुठल्याही नियमाविरुद्ध नाही. म्हणूनच ते राजरोस चाले.

यंत्र बनवणाऱ्यांनी फेकणाऱ्यांसाठी एक बंदोबस्त करून ठेवला होता. फेकलेला फोन पलीकडे कुणी उचलला नाही, तर काही वेळानं तो फेकणाऱ्याच्याच टेबलावर परत येऊन वाजतो. आमच्याकडचे सराईत लोक यावर मात करून होते. ते जेवायला उठता उठता फेकत. फोन परत येई तेव्हा टेबलापाशी डबाही नसे आणि माणूसही.

त्या सुरगाण्याच्या बाई मी बनवून सांगितल्या नाहीत. त्यांचा फोन माझ्याकडे आला तेव्हा त्या बऱ्याच टेबलांवरून आलेल्या होत्या. मी 'बोला' म्हटलं तर पॉलिसी नंबर नाही, नाव नाही, पहिलं वाक्य हे: "मगापासून नुसतं गाणंच वाजतंय ताई, इकडं माझं मीटर पडतंय." एसटीडी बूथ ज्यांनी पाहिलेत त्यांना 'मीटर पडतंय' म्हणजे काय हे कळेल. पिवळी पाटी, काचेची कोंदट खोली, आणि डोळ्यासमोर लाल आकडे, जे दर काही सेकंदांनी एक टिक करून पुढे सरकतात. होल्डवर असलं तरी सरकतात. गाणं ऐकायचे पैसे पडतात. हे मला तोवर सुचलंच नव्हतं असं नाही, पण टेबलाच्या या बाजूनं ते दिसत नाही. इथे फक्त एक दिवा लुकलुकत असतो.

"मावशी, ठेवा फोन. बूथचा नंबर सांगा, मी इकडून लावते."

त्यांनी तो बूथवाल्याला विचारून सांगितला. आमच्या एसटीडीला प्रत्येकाचा वेगळा गुप्त कोड होता आणि महिन्याअखेर डॉट मॅट्रिक्सवर फोनची यादी निघे. खाजगी फोनांचे पैसे पगारातून कापत. त्या दिवशी मी तिघांना जोडून कॉन्फरन्स लावली: मावशी बूथवर, तिथल्या ब्रँचचा हेड क्लार्क, आणि मी. डिस्चार्ज फॉर्म ब्रँचमध्येच पडून होता. हेड क्लार्क म्हणत होते, पाठवला, मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मागच्या कपाटावर आहे, मी काल पाहिला." थोडा वेळ तिघांपैकी कुणीच बोललं नाही. मग कपाटाचं दार वाजल्याचा आवाज आला. कॉन्फरन्सचं बटण ऑफिसात साहेबांच्या मीटिंगांसाठी आहे असं मानलं जाई. तिघांनी एकमेकांचं एकाच वेळी ऐकलं की कागद सापडतो, हा त्याचा उपयोग मला तेव्हा कळला, आणि नंतर मी तो फार केला. काही ब्रँचचे लोक माझा नंबर दिसला की धास्तावत.

गाण्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. होल्डवर गाणं लावायची कल्पना अमेरिकेतल्या एका कारखानदाराची, आल्फ्रेड लेव्ही त्याचं नाव. त्याच्या कारखान्यात फोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली होती, आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचं संगीत तुळईतून तारेत आणि तारेतून थांबलेल्या माणसांच्या कानात जात होतं. त्यानं तार दुरुस्त केली नाही, १९६२ साली पेटंटचा अर्ज केला. १९६६ साली ते मिळालं. हेतू चांगला होता. नुसती शांतता ऐकू आली तर माणसाला वाटतं फोन कटला, आणि तो ठेवून देतो. गाणं म्हणजे, तुम्ही अजून इथे आहात, एवढी हमी. आमच्या यंत्रात जी सुरावट होती ती बेथोव्हेनची. ती त्यानं १८१० साली रचली आणि त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षं झाल्यावर, १८६७ साली ती छापली गेली. एलिझ नावाच्या कुणासाठी लिहिली असं शीर्षकात म्हटलंय. चिपमधून ती किरकिऱ्या एकेका सुरात वाजे, आणि नेमकी वळण घ्यायच्या जागी तुटून पुन्हा सुरुवातीला येई. ती बेथोव्हेनची हे मला फार उशिरा, भाचीच्या पियानोच्या क्लासात कळलं. आम्ही सगळे तिला 'क्लेमचं गाणं' म्हणायचो.

होल्डपेक्षा म्यूट वाईट. होल्डवर समोरच्याला कळतं की आपल्याला थांबवलंय. म्यूटमध्ये तो बोलत राहतो, आपण त्याचं ऐकतो आणि त्याच्याविषयी शेजारच्याशी बोलतो. याहून जास्त त्यावर लिहावंसं वाटत नाही.

मला सगळ्यांत प्रिय असलेली सोय म्हणजे पिक-अप. सेक्शनमधला कुठलाही फोन वाजला आणि टेबलावर कुणी नसेल, तर आपल्या जागेवरून रिसीव्हर उचलून ४ दाबायचा. तो फोन आपल्याकडे येतो. उठायचं नाही, धावायचं नाही. सोय इतकी साधी की न वापरायला कारणच उरत नाही, आणि म्हणून न वापरणारा लगेच उघडा पडतो. फोन वाजत राहतो, तो समोरचं रजिस्टर जरा जास्तच मन लावून वाचू लागतो. दुसऱ्याचा फोन उचलणं म्हणजे दुसऱ्याचं काम अंगावर घेणं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. खोटं नाही ते. पण न उचललेला फोनही कुणाच्या तरी अंगावर पडतोच, फक्त तो माणूस ऑफिसात नसतो.

उचलणाऱ्याच्या हाती मात्र कामाबरोबर बरंच काही लागे. पिक-अपमुळे मला सहकाऱ्यांच्या घरांतलं जे कळलं ते डबा खाताना कधी कळलं नसतं. कुणाचा सोसायटीचा हप्ता थकलाय, कुणाच्या मुलीला पाहायला येणारे आज दुपारी 'कळवतो' म्हणून कळवणार आहेत, कुणाच्या घरी सासूबाई पडल्या. निरोपाची चिठ्ठी लिहायची, टेबलावर काचेखाली सरकवायची आणि तोंड बंद ठेवायचं. त्या चिठ्ठ्यांची एक खास भाषा झाली होती. 'घरून फोन' म्हणजे काही विशेष नाही. 'घरी फोन करा' म्हणजे चहा सोडून करा. एका सहकाऱ्याच्या मुलाचा दहावीचा निकाल मी त्याच्या आधी ऐकला, आणि तो परत येईपर्यंत चेहरा कोरा ठेवणं मला जमेना म्हणून मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. निकाल चांगला होता. वाईट असता तर चेहरा कोरा ठेवणं सोपं गेलं असतं.

हंटिंग हा प्रकार त्याच्या उलटा, तो यंत्रच ठरवतं. सेक्शनचा एक सामाईक नंबर. तो लावला की पहिल्या टेबलावर वाजणार, ते व्यग्र असलं तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. क्रम डब्यात भरून ठेवलेला. कागदोपत्री सगळी टेबलं सारखी, पण पहिल्या क्रमांकावरच्या माणसाचे कान संध्याकाळी लाल झालेले असत आणि शेवटच्याचा फोन दिवाळीच्या दिवाळीला वाजे. तुम्ही कुठल्याही ऑफिसचा हंटिंगचा क्रम मिळवा, तिथे सगळ्यांत नवीन कोण आणि साहेबांच्या मर्जीतला कोण हे त्यावरून सांगता येतं. आमच्याकडे हा क्रम बदलायला युनियनला पत्र द्यावं लागलं होतं. पत्रात 'कामाचे समन्यायी वाटप' असा शब्द होता; फोनचा उल्लेख नव्हता.

कॉल फॉरवर्डचं आमच्या दोन अधिकाऱ्यांनी जे केलं ते मात्र नुसतं हसण्यासारखं. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. एकानं बाहेर जाताना आपला फोन दुसऱ्याकडे वळवला. दुसऱ्यालाही बाहेरच जायचं होतं. त्यानं आपला पहिल्याकडे वळवला. आमची सिस्टीम एका फोनला एकदाच वळवत असे. त्यामुळे दुपारभर या केबिनच्या नावानं आलेले फोन त्या केबिनमध्ये वाजले आणि त्या केबिनचे या केबिनमध्ये, आणि दोन्ही केबिनना कुलूप. साहेबांना आमच्या बोलण्यात मधेच घुसता येण्याची सोयही होती. घुसण्याआधी एक बारीक बीप वाजे. ती ऐकली की आम्ही दोन्हीकडची माणसं एकदम प्रमाण मराठीत बोलू लागायचो.

आणि मग भारनियमन. २००५-०६च्या सुमारास ज्यांनी महाराष्ट्रात नोकरी केली त्यांना ते सांगायला नको. ईपीएबीएक्सला बॅटरी होती, ती तासाभरात मान टाकी. डबा बंद, की साठ एक्स्टेन्शनं बंद. पण यंत्रात एक आडबाजूची सोय असते: वीज गेली की बाहेरची एक लाईन डब्याला वगळून थेट एका ठरलेल्या एक्स्टेन्शनला जोडली जाते. तो फोन चालू राहतो, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंज आपल्याच बॅटऱ्यांमधून तारेवरून पाठवतं. आपल्या मीटरशी तिचा संबंध नाही. हे एक्स्टेन्शन विभागीय व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये असावं असं कुणालाही वाटेल. बसवणाऱ्या कारागिराला डब्यापासून जवळची तार सोयीची वाटली आणि त्यानं ते रेकॉर्ड रूमला जोडलं. परिणाम असा की दुपारी बारा ते तीन या वेळेत अख्ख्या ऑफिसात एकच फोन जिवंत, आणि त्याचे मालक आमचे रेकॉर्ड रूमचे शिपाई मामा. मोठे साहेब घाम पुसत दोन जिने उतरून येत. मामा उठून उभे राहत, स्टूल पुसून देत, आणि साहेब मुंबईला हेड ऑफिसशी बोलत असताना तिथून हलत मात्र नसत. "माझा फोन आहे, साहेब. कुणी नेला तर माझ्यावर येईल." डबा दुरुस्तीला आलेल्या माणसाला ती तार बदलून घ्यायची सूचना दोनदा गेली. दोन्ही वेळा मामांनी त्याला चहा पाजला आणि तार राहिली.

आता टेबलांवर आयपी फोन आहेत. पडदा आहे, बटणं चारपट आहेत, नेटवर्कच्या तारेतूनच त्यांना वीज मिळते आणि ती गेली की सगळे एकदम गप्प. पुस्तिका छापील येत नाही. पण लोकांना अधिकाऱ्यांचे मोबाइल नंबर मिळाले आहेत, त्यामुळे सेक्शनचा नंबर कोण लावतो? अधिकारी बदलून धुळ्याला गेला तरी त्याचा मोबाइल त्याच्याबरोबर गेला, आणि इथल्या क्लेमवाल्याला तो तिकडून सांगतो, मी आता तिथे नाही. नव्या माणसाचा नंबर मिळेपर्यंत क्लेमवाला तालुक्याच्या गावातल्या एखाद्या झाडाखाली उभा. तसं बघितलं तर मोबाइलनं सोय झालीच आहे. कुणाचं मीटर पडत नाही. तेवढं मान्य करून मी म्हणते की २१४ला कुणीही बसलेलं असो, विचारणाऱ्याला ते चालायचं.

आमच्या सेक्शनला मागे एक नवा मुलगा आला. हुशार, कामाला वाघ, कॉम्प्युटरवर दोन माणसांचं काम एकटा ओढणारा. शेजारचा फोन वाजला की मात्र तो वाजू देई. मी विचारलं तर प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, माझा नाही ना तो." मी त्याला व्याख्यान दिलं नाही. पिक-अपचा नवा कोड कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून त्याच्या पडद्याला चिकटवला आणि सांगितलं, पुढचा वाजला की हा दाबायचा.

पुढचा लगेच वाजला. त्यानं दाबला. "नमस्कार, क्लेम सेक्शन, बोला," इथपर्यंत उत्तम. मग तो गप्प झाला, मग माझ्याकडे बघितलं, मग हात रिसीव्हरवर ठेवून म्हणाला, "मॅडम, सिलिंडर कधी येणार विचारतायत."

आमच्या सामाईक नंबरात आणि शहरातल्या एका गॅस एजन्सीच्या नंबरात एका आकड्याचा फरक आहे, हे त्याला कुणी सांगायचं राहिलं होतं. सेक्शनमधल्या जुन्या माणसांना एजन्सीचा नंबर पाठ आहे. आम्ही तो सांगतो आणि ठेवतो. याला तो माहीत नव्हता. त्यानं कॉम्प्युटरवर शोधला, दोन एजन्सी निघाल्या, कुठली ते कळायला बाईंना ग्राहक क्रमांक विचारला, त्यांना चष्मा सापडेना, तोवर हा लाईनवर थांबला. मग नंबर एकेक आकडा सांगून त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला. फोन ठेवला आणि मला म्हणाला, "आजींचा नातू आज परीक्षेला गेलाय. बुकिंग त्याच्याच मोबाइलवरून होतं म्हणे, म्हणून त्यांना जमेना."

त्याच्या स्वतःच्या टेबलावरचा फोन एव्हाना वाजायला लागला होता. तो मी उचलला.